नव्या टीव्हीवर बदकं मरत नाहीत

आमच्या टीव्हीच्या पाठीला अकरा छिद्रं आहेत. मी मोजली. त्यातली बरीचशी कशासाठी असतात हे ह्या मे महिन्यापर्यंत मला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. बातम्या लागतात, एखादी मालिका लागते, नातू आला की त्याची ती आरडाओरड करणारी कार्टून्स लागतात. पण ह्या सुट्टीत माळा रिकामा करायला घेतला आणि त्यातून आमचा जुना व्हिडिओ गेम निघाला. मग पुढचे जवळजवळ पंधरा दिवस मी आणि माझा अकरा वर्षांचा नातू त्या छिद्रांशी झगडत होतो. त्या झगड्याची ही हकिकत. घरच्यांना अर्धी माहीत आहे, उरलेली अर्धी त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

हा गेम ह्यांनी १९९६ च्या दिवाळीत मुंबईहून आणला होता. लॅमिंग्टन रोडवर अकराशे रुपयांना मिळाला. करड्या रंगाचं मशीन, दोन रिमोट (मुलं त्याला रिमोटच म्हणायची), एक काळी-नारिंगी बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर ठळक अक्षरात छापलेलं, ९९९९ इन १. मी तेव्हा सातवी-आठवीला शिकवत होते, त्यामुळे छापील मजकुरावर विश्वास न ठेवण्याची सवय होतीच. एका रविवारी मुलांना बसवून खरे गेम मोजायला लावले. वेगळे म्हणता येतील असे फक्त सात! बाकी सगळे तेच, कुठे मारिओ दुसऱ्या पायरीपासून सुरू होतो, कुठे रंग बदललेला. पण ते सात पुष्कळ होते. मारिओ, रणगाड्यांचा तो विटा फोडायचा गेम, मोटरसायकलचा, आणि बदकांचा.

मूळ मशीन जपानचं. निन्टेन्डोने ते १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' ह्या नावाने विकायला काढलं. ते घडवणारे अभियंता मासायुकी उएमुरा २०२१ च्या डिसेंबरात वारले. बदकांचा गेम, डक हंट, १९८४ चा. आमचं मशीन अर्थातच त्याची नक्कल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरात ज्या मशीन होत्या त्यातल्या बहुतेक नकलाच होत्या, आणि नक्कल म्हणून त्यांची कोणाला लाज वाटत नव्हती. ज्याच्या घरी ते असे त्याच्या घरी वाड्यातली सगळी मुलं असत, एवढंच.

आता जोडणी. नातवाची कल्पना अशी होती की वायर लावायची आणि खेळायचं. मी त्याला म्हटलं, अरे, तीस वर्षं झोपलेल्या माणसाला उठवायचंय, आधी त्याला चहा तरी देऊ. म्हणजे वीज.

जुना अ‍ॅडाप्टर मेला होता. आमच्या पेठेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, तो माझाच विद्यार्थी. त्याला मशीन नेऊन दाखवलं. त्याने पहिली गोष्ट काय केली, तर खोक्यावरचं बारीक चिन्ह भिंगातून पाहिलं. "बाई, नऊ व्होल्टचा कुठला बी लावू नका हं. ह्याच्यात आतली पिन उणे हाय आणि बाहेरची कडी अधिक. आताचे सगळे उलटे येत्यात." खरंच आहे. जपानच्या मूळ मशीनलाही मधली पिन उणेच असते, आणि नकलांनी बहुधा तेच उचललं. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा एक तुकडा असतो, तो नऊ व्होल्टचे पाच करतो. उलटा अ‍ॅडाप्टर लावला तर तो किंवा त्याच्या मागचं काहीतरी जळू शकतं. त्याने जुन्या अ‍ॅडाप्टरची वायर कापून नव्याला डाख लावून दिली, मल्टिमीटरने तपासली आणि माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मी टेबलावर ठेवून आले.

दिवा लागला. आता चित्र.

मशीनच्या पाठीला दोन वाटा आहेत. एक अँटेनाची, दुसरी पिवळ्या-पांढऱ्या छिद्रांची. आम्ही त्या काळी अँटेनाचीच वापरत होतो. मशीनच्या आत पत्र्याची एक छोटी डबी असते. ती डबी म्हणजे एक चिमुकलं दूरदर्शन केंद्रच. मशीनने तयार केलेलं चित्र ती एखाद्या चॅनेलच्या लहरींवर चढवते, आणि बिचाऱ्या टीव्हीला वाटतं, आणखी एक केंद्र सुरू झालं! मध्ये एक चौकोनी डबी असे, तिला सरकतं बटण, एका बाजूला 'टीव्ही', दुसऱ्या बाजूला 'गेम'. ते बटण आमच्या घरात किती भांडणांचं कारण होतं ते विचारू नका.

नव्या टीव्हीला अँटेनाचं छिद्र आहे. वायर लावली, चॅनेल शोधायला सांगितला. तो शोधत राहिला, शंभर टक्के झाले, काही सापडलं नाही म्हणाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. इथे मला एक गोष्ट जाणवली. जुन्या टीव्हीवर नॉब फिरवताना मुंग्या दिसायच्या. मुंग्यांत कुठेतरी सावली हलली की कळायचं, जवळ आलो, अजून जरा डावीकडे. नव्या टीव्हीला नीट लहर मिळाली नाही तर तो सरळ निळा पडदा टाकतो. म्हणजे चुकलेल्या मुलाला शून्य मार्क. पद्धतीचे मार्क नाहीत, जवळपास आल्याचे नाहीत. असा परीक्षक असेल तर मुलगा शिकणार कसा? अँटेनाची वाट आम्ही तिथेच सोडली.

दुसरी वाट, पिवळं छिद्र चित्राचं आणि पांढरं आवाजाचं. (लाल असतं ते दुसऱ्या बाजूच्या आवाजाचं. आमच्या मशीनला आवाज एकच, म्हणून लाल नाहीच.) नव्या टीव्हीला पिवळं-पांढरं-लाल असं काही दिसेना. नातवाने शोधून काढलं, हेडफोनच्या छिद्राएवढं एक छिद्र, शेजारी 'एव्ही इन' लिहिलेलं. त्यात एक आखूड वायर जाते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला तीन रंगांची तोंडं असतात. ती वायर टीव्हीबरोबर आली होती की नाही देव जाणे, आम्ही बाजारातून एक आणली. लावली. आवाज आला! मारिओचं ते टुणटुण संगीत. मुलीने आतून विचारलं, "आई, हे कोण वाजवतंय?" पण चित्र नाही.

हे मी सविस्तर सांगते, कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. त्या बारीक पिनेला तीन काळे पट्टे असतात, म्हणजे धातूचे चार भाग. एक जमिनीचा, एक चित्राचा, दोन आवाजाचे. कोणता भाग कशाचा हे मात्र प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने ठरवलेलं आहे. त्यामुळे एकाची वायर दुसऱ्याच्या टीव्हीत बसते खरी, पण चित्र पिवळ्याऐवजी लाल तोंडातून जातं. उपाय सोपा, मशीनची पिवळी पिन एकेक करून तिन्ही तोंडांत लावून बघायची. आमचं चित्र लाल तोंडात सापडलं. (जिथे चित्र आणि जमीन ह्यांचीच अदलाबदल झालेली असते तिथे हा उपाय चालत नाही, वायरच बदलावी लागते.) रंगांवर विश्वास ठेवायचा नाही हा धडा नातवाला फार आवडला.

ज्यांच्या टीव्हीला हेही छिद्र नसेल, त्यांच्यासाठी आगपेटीपेक्षा जरा मोठी डबी मिळते. एका बाजूने पिवळी-पांढरी-लाल आत, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय बाहेर. मुलीच्या टीव्हीसाठी आम्ही ती मागवली तर दुकानाने उलटी पाठवली, एचडीएमआय आत आणि तीन रंग बाहेर. दिसायला दोन्ही सारख्या, एकीचं काम दुसरी करत नाही. डबीवर दोन नावं आणि मध्ये इंग्रजी आकडा दोन! मी मराठीची बाई, माझा जीव तळमळला. आपल्याकडे 'ह्यातून' आणि 'त्याकडे' असे दोन प्रत्यय लावले की प्रश्न मिटला असता. विभक्तीला हसणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांना मी ती डबी दाखवणार आहे. असो.

तर चित्र आलं. आणि आम्ही दोघेही जरा गप्प झालो, कारण ते चांगलं नव्हतं.

पहिलं म्हणजे मारिओ जाडा झाला होता. जुना पडदा चारास तीन, नवा सोळास नऊ. टीव्ही आपलं चित्र ताणून भिंतभर करतो. सेटिंगमध्ये जाऊन ४:३ केलं, दोन्हीकडे काळ्या पट्ट्या आल्या, मारिओ पूर्वीसारखा झाला. दुसरं, चित्र चरबरीत दिसत होतं, कडांना कंगव्याचे दात. आणि रणगाड्यांच्या गेममध्ये काही गोष्टी अर्ध्या पारदर्शक, भुतासारख्या.

ह्याचं कारण मुलाने समजावलं. धाकटा मेलबर्नला असतो आणि संगणकातला आहे. टीव्ही कोपऱ्यात '५७६आय' असं दाखवत होता. म्हणजे त्याला वाटत होतं की चित्राच्या आधी विषम ओळी येत आहेत, मग सम ओळी, आणि दोन्ही एकमेकांत विणून पूर्ण चित्र करायचं. दूरदर्शनचं चित्र तसंच यायचं. पण हे जुनं मशीन विषम-सम करतच नाही. ते दर वेळी त्याच जागी नवं पूर्ण चित्र काढतं, २५६ ठिपके रुंद आणि २४० ओळी उंच, सेकंदाला ५० वेळा. टीव्ही दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रं एकाच क्षणाची समजून विणत बसतो. त्यात ह्या मशीनला एका ओळीवर आठपेक्षा जास्त हलत्या आकृत्या दाखवता येत नाहीत. जास्त झाल्या की गेम त्या आळीपाळीने लपवतो-दाखवतो. आपल्या डोळ्याला ते लुकलुकणं वाटतं. विणकाम करणाऱ्या टीव्हीला ते अर्धं भूत वाटतं.

आणखी एक गंमत त्याच बोलण्यात कळली. जपान-अमेरिकेत हे मशीन सेकंदाला ६० चित्रं काढतं, कारण तिथला टीव्ही तसा. आपला ५० चा. गेम मात्र तेच. म्हणजे आमच्या मुलांचा मारिओ तिकडच्या मारिओपेक्षा एक षष्ठांशाने हळू पळत होता! धाकटा म्हणाला, "तरीच तिकडच्या मित्राकडे खेळलो तेव्हा मी सारखा खड्ड्यात पडत होतो." आयुष्यात अशा काही गोष्टींचा खुलासा चाळिशीत होतो.

ह्या सगळ्यावर औषध आहे म्हणे. रेट्रोटिंक अशा नावाच्या डब्या असतात. त्या चित्राला नीट ओळखतात, विणकाम करत नाहीत, प्रत्येक ओळ आली की लगेच दुप्पट-तिप्पट करून पुढे देतात. मुलगा पाठवतो म्हणाला. किंमत ऐकली आणि म्हटलं, बाबा, अकराशेच्या मशीनला एवढ्याची नथ नको. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' नावाची गोष्ट निघाली, ती लावल्यावर पुष्कळ सुधारलं. त्याआधी बटण दाबल्यावर मारिओ जरा विचार करून उडी मारत होता. टीव्ही चित्र सुशोभित करत बसतो त्यात वेळ जातो, तो वेळ ह्या मोडमध्ये कमी होतो. दोन दिवसांत नातू पहिला किल्ला पार करून गेला. मीही एकदा खड्डा ओलांडला, त्याचा व्हिडिओ सगळ्यांना गेला आहेच.

मग तो म्हणाला, "आजी, आता आजोबांचा गेम."

म्हणजे बदकं. मशीनच्या मूळ खोक्याच्या झाकणाला आतून ह्यांच्या अक्षरात बॉलपेनने लिहिलेलं आहे, '८७,५००' आणि खाली धाकट्याचं लाडाचं नाव, तारीख २ फेब्रुवारी १९९७. धाकट्याचा बदकांचा विक्रम. ही ओळ नातवाने वाचली होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोल्यांत छातीएवढं पाणी होतं. कपाटं, गाद्या, माझी पुस्तकं गेली, त्याचं फार नाही. पण फोटोंचे सगळे अल्बम खालच्या कपाटात होते. ते उघडले तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेली, आणि सोडवली की चेहऱ्याचा रंग शेजारच्या पानावर. हे त्याच्या तीन वर्षं आधी गेले. हस्ताक्षर म्हणाल तर बँकेच्या कागदांवरच्या सह्या सोडून आता हे एक झाकण उरलं आहे. माळ्यावर होतं म्हणून.

तर बंदूक जोडली. बदकं उडाली, कुत्रा भुंकला. नातवाने नेम धरला, घोडा ओढला, पडदा लुकलुकला. बदक निघून गेलं आणि गवतातून तो कुत्रा वर येऊन हसला. तो कुत्रा हसतोच, गेमच तसा आहे. पुन्हा. पुन्हा. अगदी पडद्याला बंदूक टेकवून मारलं तरी नाही. एका तासात एकही बदक पडलं नाही. बंदूक बिघडली असेल म्हणून दुकानात नेली, त्याने उघडून पाहिली. "बाई, बंदूक ठणठणीत हाय. टीव्हीचा दोष न्हाई, टीव्ही नवा हाय हाच दोष."

बंदुकीतून काही सुटत नसतं. उलट बंदूक बघते. तिच्या नळीत भिंग आणि प्रकाश ओळखणारा एक कण असतो. घोडा ओढला की मशीन एका चित्रापुरता सगळा पडदा काळा करतं, आणि पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतं. दोन बदकं असतील तर एकामागून एक दोन चौकोन. बंदुकीला आधी अंधार आणि बरोबर त्यानंतर उजेड दिसला तर नेम लागला. अंधार आधी तपासतात तो लबाडी पकडण्यासाठी, नाहीतर दिव्याकडे बंदूक रोखली की सगळी बदकं पटापट पडली असती. हे सगळं सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या हिशेबात चालतं, म्हणजे २० मिलिसेकंद.

जुना काचेचा टीव्ही चित्र साठवत नाही. वायरीतून जे येतं तेच त्याच क्षणी किरणाला हलवतं. सेकंदाला १५,६२५ ओळी तो किरण आखतो आणि प्रत्येक ओळ आली की आखली. वर्गातल्या फळ्यासारखं, बाईंनी खडू टेकवला की मुलांना अक्षर दिसलं. नवा टीव्ही सायक्लोस्टाइलसारखा. आधी पूर्ण पान घेणार, तपासणार, मोठं करणार, मग वाटणार. गेम मोड लावला तरी दोन-तीन चित्रांचा उशीर राहतोच. मशीन विचारतं, उजेड दिसला का? बंदूक म्हणते, नाही, इथे अजून बदक उडतंय. मशीन म्हणतं, मग चुकला. पांढरा चौकोन पडद्यावर येतो तोवर निकाल लागलेला असतो. मुलाच्या त्या महागड्या डब्याही इथे कामाच्या नाहीत, कारण उशीर शेवटी पडद्याच्या पोटात आहे. आता कॅमेरावाल्या बंदुका निघाल्या आहेत, त्या नव्या पडद्यावर चालतात, पण संगणकाला लावून. ह्या मशीनला नाही.

नातू हिरमुसला. मी म्हटलं, चल माळ्यावर.

आमचा १४ इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल अजून तिथे होता. लाल प्लास्टिकचा, खटखट वाजणाऱ्या नॉबचा. गेम आला तेव्हा रंगीत टीव्ही बाहेरच्या खोलीत होता आणि त्यावर मोठ्यांचा हक्क. मुलांना हा पोर्टेबल. म्हणजे त्यांनी मारिओ कधी लाल पाहिलाच नव्हता. तो उतरवून दुकानात नेला. माझ्या विद्यार्थ्याने आम्हाला चार हात लांब उभं केलं. प्लग काढल्यावरही त्या नळीत हजारो व्होल्ट साठून राहतात, आतला भाग घरच्या माणसाने उघडायचा नाही, हे कोणीही विसरू नका. त्याने आधी ते निचरून टाकले, धूळ काढली, दोन फुगलेले कंडेन्सर बदलले. आता ह्या टीव्हीला हवेतून काही मिळत नाही, जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण कधीच बंद झालं. तो फक्त मुंग्या दाखवतो आणि आमचं मशीन दाखवतो. चपटी वायर, सरकतं बटण 'गेम' वर, नॉब चारवर आणि बाहेरची रिंग किंचित डावीकडे. मुंग्यांतून बदक वर आलं.

पहिल्याच गोळीला पडलं. पोरगं एवढ्या मोठ्याने ओरडलं की शेजारच्या वहिनी आल्या. बंदुकीला रंगाशी देणंघेणं नसतं, उजेड-अंधाराशी असतं.

मग मी दुसरा... नाही, पहिलाच रिमोट हातात घेतला. आणि त्याचं बदक उडायला लागलं तसं मी ते डावीकडे नेलं, वर नेलं, पुन्हा खाली. तो चक्रावला. "आजी, हे असं का उडतंय?"

एकच बदक येतं त्या खेळात पहिल्या रिमोटने बदक उडवता येतं. आमच्या कॅसेटबरोबर माहितीपुस्तक नव्हतं, त्यामुळे मुलांना हे कधीच कळलं नाही. ह्यांना कळलं ते अपघाताने, रिमोट मांडीवर असताना. पण त्यांनी सांगितलं नाही. जेवणं झाल्यावर मुलं बंदूक घेऊन पुढे बसायची, हे मागे लोडाला टेकून, हातात पेपर, पेपराखाली रिमोट. कोणाचे सारखे नेम चुकून रडकुंडीला आला की ह्यांचं बदक हळूच पडद्याच्या मधोमध येऊन घुटमळायचं. कोणी फार फुशारकी मारायला लागलं की बदक अंगात आल्यासारखं उडायचं. मला माहीत होतं. मी वह्या तपासत समोरच बसलेली असायचे, मला पेपराखालचा अंगठा दिसायचा. एकदा मी भुवया उंचावल्या, तर त्यांनी बोट ओठावर ठेवलं. मग मीही वीस वर्षं ठेवलं, आणि ते गेल्यावर पुढची कितीतरी.

रात्री व्हिडिओ कॉलवर दोन्ही मुलांना सांगितलं. थोरली हसत सुटली, म्हणाली, "मला वाटायचंच, बाबा पान कधी उलटत नाहीत." धाकटा हसला नाही. पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, मग ते सत्त्याऐंशी हजार पाचशे?"

मी म्हटलं, त्या दिवशी ह्यांचे दोन्ही हात झाकणावर लिहिण्यासाठी मोकळे होते की नाही ते मला आठवत नाही. हे खरं आहे, मला खरंच आठवत नाही. तो म्हणाला, ठीक आहे. पाच मिनिटांनी त्याचा निरोप आला, "टीव्ही भंगारात देऊ नका. डिसेंबरात येतोय."

अडचण अशी की तो भंगारातच जाणार होता. २०१९ नंतर २०२१ लाही पाणी आलं, आणि मुलांनी ठरवलंय की आईने आता गावभागात एकटीने राहायचं नाही. दिवाळीनंतर मी थोरलीकडे पुण्याला जाते आहे. माळा रिकामा करायला घेतला तो त्यासाठीच. तिचा फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि 'नऊ किलोचा एक डबा, ज्यावर काहीही लागत नाही' तो नेण्याविषयी तिचं आधीचं मत मी इथे देत नाही. जावयांचं तर नाहीच. तेही बरोबर बोलत होते. जागा त्यांची, अडगळ माझी. मशीन आणि झाकण घेऊन जावं, मारिओ नव्या टीव्हीवर खेळता येतोच, असं मीसुद्धा दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पण मारिओमध्ये हे नाहीत. मारिओ ज्याचा तो उडवतो.

परवा थोरलीचा फोन आला. नातवाच्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा तिने टेप लावून मोजला होता. खोली ४५ सेंटीमीटर. मी इकडे टीव्ही मोजला, नॉबपासून पाठीच्या कुबडापर्यंत ३४. अँटेनाची चपटी वायर वाकायला जागा उरते. फक्त त्या कप्प्यात वारं खेळायला मागे दोन भोकं पाडावी लागतील, असं माझ्या विद्यार्थ्याने सांगितलंय, आणि सुतार पुढच्या रविवारी येतो म्हणालाय.